पेटी सात : नाद, सही

६ फेब्रुवारी २००१, मंगळवार

टक टक. मग शांतता. मग एक सावकाश टक.

रायपूरच्या मालधक्क्यावर १९५९ साली हा आवाज मी रोज ऐकत असे. दयाराम नावाचा हमाल होता, बिल्ला नंबर चौदा. काचेचं किंवा चिनी मातीचं सामान मालगाडीच्या वाघिणीतून उतरलं की तो बोटं मुडपून पेटीवर दोनदा झटपट वाजवायचा, मग लाकडाला कान लावून डोळे मिटायचा. आत काही किणकिणलं नाही तर तिसरा ठोका द्यायचा, लेकराच्या पाठीवर थोपटल्यासारखा. तिसरा ठोका पडला की पेटी अभंग. फुटकी असली तर तिसरा ठोका पडत नसे. तो नुसता वळून माझ्याकडे बघायचा, कारण वही माझ्या हातात असायची.

आज सकाळी तोच आवाज रायपूरबाहेर, उरल्याच्या कारखान्यांच्या नाक्यावर ऐकला आणि कपातला चहा धोतरावर सांडला.

निरंजन कारखान्यात जाताना मला स्कूटरवर बसवून घेऊन गेला होता. घरात बसून मी भिंतींशी बोलायला लागेन अशी आमच्या चिरंजीवांना भीती. नाक्यावर गंगाधरच्या टपरीत मला सोडलं. नवं राज्य होऊन, रायपूर त्याची राजधानी होऊन तीन महिने झाले. रोज एखादं खातं भोपाळहून ट्रकमधून इथे उतरतं आहे. टेबलं, कपाटं, फायलींची गाठोडी. मी ते बघत बसलो होतो, आणि मागे टक टक.

पस्तिशीचा ड्रायव्हर. ट्रकच्या फाळक्यावर उकिडवा बसून पेटीला कान लावलेला.

"काय पाहून राहिले, काका?"

"हे वाजवणं कुठे शिकलास?"

"बापाकडून. थो पहिले रेल्वेत होता ना, मालधक्क्यावर. दयाराम मेश्राम."

मी माझं नाव सांगितलं. बाबाराव पांढरीपांडे, रिटायर्ड मालबाबू. त्याने जरा वेळ माझ्याकडे बघितलं. अगदी बापासारखं.

"हव," म्हणाला. "बाबा सांगते. बाबूचं अक्षर मोत्यावानी."

याचं नाव धर्मपाल. दयाराम आता भिलाईला लेकीकडे असतो; अर्धांगाचा झटका आल्यापासून उंबरठाही ओलांडत नाही म्हणे. त्याचा बिल्ला, म्हणजे नोकरी, पुढे गेली होती. रेल्वेत त्या काळी अशा गोष्टी होत.

मोत्यावानी! बेचाळीस वर्षांनी हे ऐकायला मिळालं. घरी येऊन बायकोला, वनमालेला, सांगितलं. ती म्हणाली, "चहाचा डाग जात नाही सुती धोतरावरून."


१० फेब्रुवारी, शनिवार

आज आपण होऊन नाक्यावर गेलो.

या ड्रायव्हरांचं जगणं विचित्र आहे. माल फुटला की पाठवणारा म्हणतो, आम्ही साबूत दिला. घेणारा म्हणतो, आम्हाला फुटका मिळाला. दोघंही पंख्याखाली बसलेले. मध्ये उरतो तो एकटा, ज्याच्या अंगावर रस्त्याची धूळ आहे. बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, तर एवढंच लिहिलेलं असतं: माल भरला.

म्हणून प्रत्येकाने आपापला उपाय काढला आहे. एकजण दोराची गाठ अशी मारतो की त्याच्याशिवाय कोणाला मारता येत नाही. वाटेत कोणी ताडपत्री उघडली तर कळतं. दुसरा पेट्यांवरून ट्रकच्या तळापर्यंत खडूची सलग रेघ ओढतो. पेटी सरकली तर रेघ तुटते. खडू! मला वाटलं होतं खडू फक्त शाळेत असतो. एका म्हाताऱ्या सरदारजीने तर दर फुटक्या खेपेचा एकेक तुकडा तारीख घालून पुरचुंडीत ठेवला आहे. कोणाला दाखवणार, विचारलं. म्हणाला, "ऊपरवाले को."

धर्मपाल म्हणाला, "काका, तुमी लिहून देत जा ना आमाले. माल भरताना जे दिसते, थे. अन खाली गोदामाच्या मुन्शीची सही घेऊन टाकू. मंग कोण बोलते पाहू."

चाळीस वर्षं शेरे लिहिण्यातच गेली. हो म्हणालो. येताना कार्बन पेपर, पॅड आणि निळी शाई घेऊन आलो.

वनमाला म्हणाली, "या वयात नाद लागला का तुम्हाला? ट्रकवाल्यांच्या नादी लागून कोणाचं भलं झालं आहे?"

नाद! किती सुंदर शब्द तिने किती वाईट रीतीने वापरला.


१९ फेब्रुवारी, सोमवार

एकूण तेवीस चिठ्ठ्या झाल्या. पोरं मला शेराबाबू म्हणतात. गेल्या आठवड्यात एका पोराच्या ट्रकमध्ये सिमेंटची चार पोती भिजलेली निघाली. त्याने माझी चिठ्ठी पुढे केली: "भरतेवेळीच चार पोती ओली." खाली मुन्शीची सही. घेणाऱ्याला गप्प बसावं लागलं. पोरगा मला पेढा घेऊन आला.

संध्याकाळी राधिकाचा अभ्यास घेतला. नात माझी, चौथीत. मी मराठीत विचारतो, ती हिंदीत उत्तरं देते. तिच्या वहीत प्रत्येक गणितापुढे बाईंनी "सही" लिहिलं होतं. मला माझीच एक फजिती आठवली. १९५८ साली पुलगावहून इथे नवा नवा आलो होतो. मोठ्या साहेबांनी वही बघून विचारलं, "सही?" मी खिशातला टाक काढून त्यांच्या हातात दिला. सगळा मालधक्का हसला. आपल्याकडे सही म्हणजे हस्ताक्षर, यांच्याकडे सही म्हणजे बरोबर. राधिका हसून हसून लोळली. "आजोबा, आप बुद्धू थे!"

होतो. पण तेव्हापासून या शब्दाने मला कधी फसवलं नाही. आता दोन्ही भाषा माझ्या घरच्या आहेत.

झोपताना शाळा आठवत होती. आमचे मास्तर कविता शिकवताना डोळे मिटून वृत्त टाळीवर धरायचे. एकदा मी निबंधात "घंटेचा आवाज" लिहिलं. त्यांनी लाल शाईने खोडलं. म्हणाले, "बाबा, आवाज बाजारात होतो. घंटेचा नाद असतो." मी तो दिवस विसरलो नाही. गाव, शाळा, मास्तर, घंटा, काही उरलं नाही, नाद उरला.


१ मार्च, गुरुवार

आज मोठं काम झालं. सविस्तर लिहितो.

धर्मपालच्या ट्रकमध्ये बिलासपूरचा माल भरत होते. तिथे कुठल्याशा नव्या सरकारी इमारतीच्या खिडक्यांच्या काचा, वीस लाकडी पेट्या, सगळ्या पट्ट्या ठोकून सीलबंद. धर्मपालने एकेक वाजवली. अठरा पेट्यांवर तिसरा ठोका पडला. सात आणि बारा नंबरवर पडला नाही. त्याने वळून माझ्याकडे बघितलं.

मी जवळ गेलो, कान लावला. आत बारीक किणकिण. पैंजण घातलेली पोर दूरच्या खोलीत चालत असावी तशी.

"काका, लिहा. दोनी टूटी हाये."

"अरे, आपण उघडून पाहिली का? नाही. मग फुटली असं कसं लिहायचं? कान जे सांगतो तेवढंच लिहायचं. मालबाबूचा धर्म आहे तो."

"पर मतलब तर टूटीच ना? साधं लिहा ना."

"साधं लिहिणारे पुष्कळ आहेत," मी म्हणालो. त्याने पॅड माझ्यापुढे धरलं.

मी सुबक अक्षरात लिहिलं:

पेटी क्र. ७ : आतून नाद. सही
पेटी क्र. १२ : आतून नाद. सही

प्रत्येक ओळीच्या शेवटी मुन्शीला जागा सोडली. साहू मुन्शी म्हणजे या नाक्यावरचा सगळ्यात खट माणूस. कोणाच्या चिठ्ठीवर सही करत नाही. केली तर तासभर भांडून. धर्मपाल तर बाह्या सरसावूनच उभा होता. मुन्शीने चिठ्ठी वाचली. परत वाचली. माझ्याकडे बघून हसला.

"ये नाद क्या होता है, बाबूजी?"

"नाद. ध्वनी. जैसे घंटी का नाद."

"हव, हव. घंटी जइसे. बढ़िया." आणि दोन्ही ओळींपुढे झोकात सही करून मोकळा झाला. वर म्हणाला, "आप लिख दिए तो सही ही है, महाराज."

धर्मपाल बघतच राहिला. "अबे, हा साहू कधी येवढा सज्जन झाला?"

मी म्हणालो, "चांगल्या भाषेपुढे दांडगा माणूसही नरमतो." ट्रक सुटला तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. आज मला दयारामची फार आठवण आली. त्याच्या मुलाच्या हातात माझी चिठ्ठी आहे. काहीतरी फिटल्यासारखं वाटलं. काय, ते सांगता येत नाही.


४ मार्च, रविवार

दोन ओळी सुचल्या.

पेटीत काच निजली, तिज जाग आली,
नादातुनी हळुच ती मज बोललेली.

दुसऱ्या ओळीत गण नीट बसले आहेत. मास्तरांनी मान डोलावली असती. वनमालेला ऐकवल्या. ती तांदूळ निवडत होती. "काच फुटली एवढंच ना?" म्हणाली.


७ मार्च, बुधवार

वाईट बातमी.

बिलासपूरला पेट्या उघडल्या. सात आणि बारा, दोन्हींत एकही काच धड नाही. धर्मपालने छाती काढून चिठ्ठी दाखवली. तिथल्या माणसाने वाचली आणि म्हणाला, यात तर लिहिलं आहे की पेटी घंटेसारखी वाजली आणि माल सही होता. म्हणजे गोदामातून साबूत निघाल्या, वाटेत तू फोडल्यास. गोदामात फोन केला. साहू म्हणाला, "मैंने तो खुद दस्तखत किया है. नाद सही था."

नाद सही.

हे धर्मपाल मला टपरीमागे उभं राहून सांगत होता. चिठ्ठीची घडी घालत होता, उलगडत होता. मी ती हातात घेतली. अक्षर सुरेख होतं. ओळ सरळ होती.

"लुच्चे लोक," मी म्हणालो. "शब्दाचा विपर्यास."

"काका, चिठ्ठी नसती तर शब्दाले शब्द होता. मी म्हणतो टूटी होती, थो म्हणतो नव्हती. आता तर मीच कागद आणून देल्ला त्यायले. माह्याच हातानं."

ट्रकमालकाने त्याचं लायसन्स आपल्या कपाटात ठेवून घेतलं आहे. ट्रान्सपोर्टवाल्यांच्या सभागृहात एक काळा फळा आहे. माल बिघडवणाऱ्या ड्रायव्हरांची नावं त्यावर लिहितात. ज्याचं नाव तिथे, त्याला रायपूर, उरला, सिलतरा कुठेच कोणी गाडी देत नाही. धर्मपालचं नाव काल खडूने लिहिलं. अठराला सभा आहे, तिथे त्याचं ऐकून घेतील. नाही पटलं तर पंचवीसच्या सभेनंतर खडूचं नाव ऑइल पेंटने लिहितात. ते मग पुसत नाही. वर अकरा नावं पेंटने लिहिलेली आहेत. त्यातले दोघं आता रिक्षा ओढतात, एकाने विषारी औषध घेतलं.

"तुमी फक्त येऊन येवढंच सांगा," धर्मपाल म्हणाला, "का मराठीत सही म्हणजे दस्तखत. चुकून लिहिल्या गेलं."

जाईन म्हणालो. अर्थात जाईन.


१० मार्च, शनिवार

धुळवड. राधिकाने मला हिरवा केला. नाक्यावर गेलो नाही. गेल्या तीन दिवसांत कोणी चिठ्ठी लिहून घ्यायलाही बोलावलं नाही. पॅड तसंच पडलं आहे.


१८ मार्च, रविवार

सभेला गेलो. स्वच्छ धोतर, काळा कोट. निवृत्तीच्या दिवशी घातला होता, त्यानंतर आज.

फळा समोरच होता. पुलगावच्या वर्गातल्यासारखाच, फक्त यावर सुविचार नव्हता. अकरा नावं पांढऱ्या पेंटने आणि खाली खडूने: धर्मपाल दयाराम मेश्राम. बापाचं नावसुद्धा लिहितात.

अध्यक्ष पोक्त माणूस वाटला. माझ्यासाठी खुर्ची मागवली.

"बाबूजी, यह आपके हाथ का लिखा है?"

"मेरा ही है."

"पढ़के सुनाइए."

मी वाचलं. उच्चार स्वच्छ होते.

"नाद मतलब?"

"ध्वनि."

"और सही?"

धर्मपाल भिंतीशी उभा होता. त्याने दोन्ही हात जोडलेले नव्हते, पण जोडल्यासारखेच होते.

मी म्हणालो, "मराठी में सही माने दस्तखत. मुन्शी के लिए जगह दिखाने को लिखा था."

तेवढ्यात साहू मागून बोलला. "अरे साहब, चालीस बछर से रायपुर में हैं. चौथी के लइका ला सही के मतलब मालूम हे. बाबूजी बिचारे भुला गे होही. उमर हो गे हे."

सगळे हसले. १९५८ साली हसले होते, तसेच.

अध्यक्षांनी हात वर करून त्यांना थांबवलं. मला अगदी सौम्यपणे म्हणाले, "बाबूजी, लिखते समय भूल हो गई हो तो बोल दीजिए. बस इतना कि मुझसे भूल हुई. हम लिख लेंगे, लड़के का नाम पोंछ देंगे. भूल किससे नहीं होती?"

बिचारे. भुला गे होही, विसरले असतील. त्या शब्दांनी माझं डोकं तापलं. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "चालीस साल में मेरे एक शेरे पर किसी ने उंगली नहीं रखी. मुझे दोनों भाषाएं आती हैं. मुझसे भूल नहीं हुई."

अध्यक्षांनी चिठ्ठी फायलीत ठेवली.

"तो फिर सही माने सही," म्हणाले. "अगला."

जिन्यावर धर्मपालने मला गाठलं. ओरडेल वाटलं होतं. ओरडला नाही.

"मले पहिल्या दिवशीच मालूम होतं, काका, तुमी कोण. बाबानं सांगतलं होतं का बाबूनं त्या टायमाले लिहिलं नाही. म्हणून तर तुमालेच लिहाले सांगतलं. म्हटलं, मानूस चाळीस वर्सात बदलते. या खेपेले थो लिहील."

"लिहिलं ना मी."

"हव," तो म्हणाला. "लिहिलं. लई छान लिहिलं."

घरी रिक्षाने आलो. हे सगळं लिहिताना एक गोष्ट नमूद करणं आवश्यक वाटतं, की मी सभेत असत्य काही बोललो नाही.


२० मार्च, मंगळवार

पंचवीसच्या आत लेखी दिलं तरी चालतं, असं धर्मपालने गंगाधरकडून कळवलं आहे. स्वतः आला नाही.

सकाळपासून मसुदे केले.

पहिला: "लेखनाच्या ओघात भाषिक संदिग्धता उद्भवली असण्याचा संभव नाकारता येत नाही."

दुसरा: "अनवधानाने झालेल्या शब्दयोजनेचा कोणी भिन्न अर्थ घेतल्यास..."

तिसऱ्यात "स्खलन" हा शब्द वापरून पाहिला.

वनमाला चष्मा लावून तिन्ही वाचून गेली. "'माझी चूक झाली.' तीन शब्द आहेत. तुम्हाला येत नसतील तर मी लिहू का?"

"तुला शैली कळत नाही," मी म्हणालो.

"नाही कळत. त्या पोराला बायको आहे, पोरं आहेत, हे मात्र कळतं. रात्रभर गाडी हाकून तो वीस पेट्या नेतो, तुम्ही एक शब्द नेऊ शकत नाही."

तिन्ही फाडले. सही केली नव्हती, तेवढं बरं.


२२ मार्च, गुरुवार

१९५९ बद्दल या वहीत जे लिहिलं ते पुरं नाही.

एका साहेबाच्या बंगल्याचा चहाचा सेट आला होता. दयारामने पेटी वाजवली. टक टक. कान लावला. तिसरा ठोका दिला नाही. माझ्याकडे बघितलं. "बाबू, वाजते आतून. लिहून घ्या." मलाही ऐकू आलं होतं. स्वच्छ ऐकू आलं होतं.

मोठ्या मालबाबूंना शेरे आवडत नसत. शेरा लिहिला की वर पत्र, पत्राला उत्तर, उत्तराला खुलासा. मी नवा होतो. त्या टाकाच्या फजितीला वर्ष झालं होतं आणि मला पुन्हा हसं व्हायचं नव्हतं. शेऱ्याचा रकाना मी कोरा सोडला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी पेटी उघडली. बारा कपांपैकी एक शाबूत होता. चौकशीत मला विचारलं, माल उतरला तेव्हा काही नोंद? मी वही उघडून दाखवली. "माझ्या नोंदीत काही नाही." हे खरं होतं. अक्षरशः खरं होतं.

दयारामकडून बिल्ला काढून घेतला. पितळी होता; काढताना सदऱ्याचं भोक फाटलं. तो त्या भोकाकडेच बघत होता. नंतर कोळशाच्या डेपोत हमाली करायचा असं ऐकलं. त्याची बायको भीमाबाई एकदा आमच्या दारी आली होती, धाकटं पोर कडेवर. अंगणातच उभी राहिली. आम्हीही आत ये म्हणालो नाही. काळच तसा होता, असं मी इतकी वर्षं म्हणत आलो. काळाच्या नावावर किती माल खपतो! तिला मी म्हणालो, "बघतो." आणि घरात येऊन कवितेची वही उघडली.

तेव्हा लिहिलं नाही म्हणून. आता सुंदर लिहिलं म्हणून. बाप आणि मुलगा.

एवढं लिहिलं, तर तीन शब्द का जमत नाहीत? आज दुपारी कागद समोर घेतला. खाली उजव्या कोपऱ्यात रेघ आखून "सही" लिहिलं. वरचा कागद कोरा. हात पुढे जात नाही. चूक मान्य केली की साहूचं खरं ठरतं: बिचारे, उमर हो गे हे. मालबाबू पांढरीपांडे यांच्या चाळीस वर्षांच्या वह्यांवर एक म्हातारा विसरभोळा बसवला जातो. माझ्याकडे दुसरं काय आहे? अक्षर आहे.


२४ मार्च, शनिवार

कागद कोराच आहे. उद्या सभा.

निरंजन सकाळी सांगत होता की नाक्यावर पेंटरला बोलावणं गेलं आहे. दोन नावं आहेत म्हणे या खेपेला. मी नाश्ता केला नाही. वनमाला माझ्याशी बोलत नाही. ताट आपटून ठेवते आणि जाते. राधिकाला विचारलं, "बेटा, चूक झाली तर तुमच्या बाई काय करतात?" ती म्हणाली, "कुछ नहीं, आजोबा. काटके फिर से लिखवाती हैं. बस."

बस.

दहा वाजलेत. खिडकीतून ब्राह्मणपाऱ्यातली गल्ली दिसते. एक सायकलरिक्षा मघाशी आमच्या दारात थांबली. कोणीतरी उतरलं, फार वेळ लागला उतरायला. मला वाटलं शेजारच्यांकडे कोणी आजारी पाहुणा असेल. मग पायरीवर काठी आपटली. थांबली. दुसऱ्या पायरीवर आपटली. परत थांबली.

वनमाला आत आली. चार दिवसांत पहिल्यांदा नीट माझ्याकडे बघून बोलली.

"एक म्हातारे आलेत. अर्धं अंग लुळं आहे. भिलाईहून निघालेत पहाटेच्या गाडीने, एकटे. आत या म्हटलं, पण बाहेर अंगणातच उभे आहेत. नाव विचारलं तर सांगत नाहीत. म्हणाले, बाबूंना म्हणा, चौदा नंबर आला आहे."

मी लिहितो आहे म्हणून बसून आहे. उठायला पाहिजे. कागद इथे आहे, खाली रेघ आहे, सहीची जागा आहे. वर तीन शब्दांपुरती जागा पुष्कळ आहे.

दार उघडंच आहे, तरी त्याने चौकटीवर वाजवलं. टक टक.

आता शांत आहे. तिसरा ठोका अजून पडलेला नाही.